चूक असेल तर काय दिसेल?

मी मुंग्यांवर संशोधन करते. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग स्वयंपाकघरातल्या मुंग्या घालवायचा उपाय विचारतात. उपाय मला माहीत नाही. मला मुंग्या घालवायच्या नसतात, त्यांना वाट कशी सापडते ते बघायचं असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नाने हैराण करते. कुणी म्हणालं, "मॅडम, माझं गृहीतक असं आहे की मुंग्या वासावरून वाट काढतात," की मी विचारते, "बरं. आणि हे चूक असेल तर काय दिसेल?" की झालं, मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. बरोबर असेल तर काय दिसेल ते सगळ्यांनी घोकून आणलेलं असतं. दुसऱ्या बाजूचा विचारच केलेला नसतो. तो ज्याने केला नाही त्याच्या वाक्याला मी गृहीतक म्हणत नाही, इच्छा म्हणते, आणि परत पाठवते. माझ्या पाठीमागे ती मला 'चूकमॅडम' म्हणतात. मला ते ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे.

चिडकी आहे मी, आधीच सांगून टाकते. आमच्या घरात तर ते कधीच ठरून गेलंय. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बाबा येईल त्याला सांगत आलेत, "थोरली आईवर गेली, धाकटी माझ्या बहिणीवर." बाबांची बहीण म्हणजे माझी आत्या. ती शेजाऱ्यांशी भांडली, भावजयांशी भांडली, पोस्टमनशीसुद्धा भांडली, आणि शेवटी कुणी दार वाजवेनासं झालं. तेव्हा हे काही कौतुक नव्हे, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

आई शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. शिवून झालेला प्रत्येक शर्ट तिच्या टेबलावरून जायचा. काज तिरकं दिसलं, शिवण सुटलेली दिसली की ती खडूने खूण करायची आणि शर्ट मागे फेकायची. घरी हातात खडू नसायचा, एवढाच काय तो फरक. बाबा बस चालवायचे आणि त्यांना गोष्टी सांगायचा भारी नाद. पण आईच्या देखत त्यांची एक गोष्ट धड पूर्ण होईल तर शपथ! "अहो, काहीही काय सांगता!" की बाबा थांबले. "मंगळवार नव्हता, बुधवार होता." "काका नव्हते आले, काकू आल्या होत्या." हे ती एकदाच सांगायची. कुणी "काय म्हणालीस?" असं परत विचारलं की तिचं डोकं फिरायचं. "एकदा सांगितलं ना!"

एक वाक्य मात्र तिने कधी दुरुस्त केलं नाही. 'धाकटी आत्यावर गेली' हे. बाबा पाहुण्यांसमोर तसं म्हणाले की मी आईकडे बघायचे. ती चहा गाळत असायची, आणि गाळतच राहायची. जगातल्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवणारी बाई या वाक्यावर गप्प बसते, म्हणजे ते बरोबरच असणार. मी तसाच निष्कर्ष काढला होता आणि तो मला आजवर सलत आला होता.

दोन महिन्यांपूर्वी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला. पण उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि ती स्वतः कुठे गेली ते कुणाला सांगता येईना. डोळे उघडे असायचे, पण नजर आमच्यावर ठरायची नाही. हॉस्पिटलच्या पुनर्वसन विभागात खिडकीजवळची खाट मिळाली होती. तिथे रोज हातापायांचे व्यायाम, जिभेचे व्यायाम, उचलून खुर्चीत बसवणं, सगळं व्हायचं.

मग एका सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून घेतलं. हळू बोलणारा, टक्कल पडलेला, सभ्य माणूस. म्हणाले, "शुक्रवारी आमची बैठक आहे. या विभागातल्या खाटा, ज्यांना उपचारांचा उपयोग होतोय त्यांच्यासाठी असतात. पुन्हा पुन्हा दिसणारा, ठाम असा एखादा प्रतिसाद मला दाखवता आला तर मी त्यांना इथे ठेवू शकेन. नाही तर शुश्रूषा केंद्रात हलवावं लागेल."

केंद्र आम्ही बघून आलो होतो. स्वच्छ होतं, माणसंही भली होती. वेळेवर कूस बदलत, नळीतून अन्न देत. पण व्यायाम नाही, बोलण्याचे उपचार नाहीत. तिथे जायचं म्हणजे जे काही शिल्लक असेल तेही हळूहळू जाऊ द्यायचं. तिथून कुणी चालत घरी आल्याचं आमच्या कानावर नव्हतं.

"प्रतिसाद आहे ना!" ताई बाहेर येऊन म्हणाली. ताईचं केस कापायचं दुकान आहे, आणि स्वभाव इतका मऊ की गिऱ्हाइकं केस नसले तरी येऊन बसतात. "मी म्हटलं 'आई, हात दाब,' की ती माझा हात दाबते. डावा. किती वेळा सांगितलं मी तुला."

"आणि तू म्हणत नाहीस तेव्हा?"

"तेव्हा काय?"

"तेव्हाही दाबते का?"

"तेव्हा मी कशाला बघायला जाऊ? काहीतरीच तुझं!"

कपाळ माझं! मी तिथेच तिला समजावलं, जरा मोठ्या आवाजातच. बोटं आपोआपही आवळतात. आपण सांगितलं आणि योगायोगाने आवळली की ते लक्षात राहतं, बाकीचं विसरतं. म्हणून वाक्य नीट मांडू. 'हात दाब' म्हटलं तर आई हात दाबते, आणि भलतंच काही म्हटलं तर दाबत नाही. चूक असेल तर दोन्ही वेळा सारखंच दिसेल. ताई म्हणाली, "हो हो, कर काय करायचं ते." तिला खात्रीच होती ना.

विभागातली फिजिओ चांगल्या मनाची, उंचनिंच मुलगी होती. मंगळवारी ती हेडफोन चढवून, मोठ्याने गाणी लावून आईच्या बोटांकडे बघत बसली, म्हणजे ताई काय बोलतेय ते तिला कळायचं नाही. ताई कधी 'हात दाब' म्हणायची, कधी 'बाहेर ऊन पडलंय'. कोणतं केव्हा म्हणायचं ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. शेवटी आम्ही जुळवून बघितलं. दोन्ही वेळा सारखंच. उलट उन्हाला दोनदा जास्तच दाबला होता.

ताईने आईचा हात हळूच चादरीवर ठेवला. मग म्हणाली, "झालं समाधान? पाडलंस तोंडावर? एवढा एक आधार होता मला, तोसुद्धा तुला बघवला नाही. अगदी आत्या आहेस." आणि पर्स उचलून निघून गेली.

मी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तिला काय वाटलं, मला आनंद झाला? ते वाक्य खरं ठरावं म्हणून मी चिठ्ठ्या टाकताना मनातल्या मनात विनवण्या करत होते. मुलांना मी नेहमी सांगते की एक गृहीतक पडलं म्हणजे जग पडलं असं नाही, ते एक वाक्य पडलं. त्या दिवशी तेच स्वतःला सांगून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

बुधवारी दुपारी मी गेले तेव्हा बाबा नेहमीच्या स्टुलावर बसले होते. फिजिओ आईच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवत होती, आणि बाबा तिला बसची गोष्ट सांगत होते. ही आमच्या घरची मुख्य गोष्ट, आईबाबांची ओळख कशी झाली त्याची.

"उताराचा रस्ता," बाबा म्हणाले. "बस खच्चून भरलेली. ही पुढच्या बाकावर, हातात कारखान्याचा डबा. आणि अचानक काय झालं माहितीये? ब्रेक फेल!"

आणि बाबा थांबले.

ते का थांबले ते क्षणभर मलाही कळलं नाही. मग कळलं. इथे आई म्हणायची, "अहो, काहीही काय सांगता! ब्रेक ठणठणीत होते. तुम्ही आरशातून माझ्याकडे बघत होतात." मग सगळी खोली हसायची, बाबा लाजायचे, कुणीतरी चहाचं काढायचं आणि गोष्ट तिथेच बुडायची. बाबा त्या वाक्याची वाट बघत होते. सवयच ती, मान थोडी आत घेऊन, ओरडा खायच्या तयारीत.

कुणीच काही बोललं नाही. फिजिओ म्हणाली, "मग?"

"मग..." बाबा म्हणाले, "मग बस वाळूच्या ढिगात गेली. कुणाला लागलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "झाली. संपली गोष्ट." आणि त्यांचे डोळे भरून आले. "पहिल्यांदाच पूर्ण सांगितली हो मी. एवढीशीच आहे की ती."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बाबा थांबले होते ना, त्या मधल्या वेळात आईच्या डाव्या पायावरची चादर वर उचलली गेली होती. जरा कुठे, अंगठ्याएवढी, आणि परत खाली. मी ते बघितलं होतं.

मी कुणालाच काही बोलले नाही. आदल्या दिवशी एकीचा आधार काढून घेतला होता, लगेच दुसरा हातात द्यायला धीर होईना. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. पायाचा अंगठा आपोआप हलला असेल. असेलही. फिजिओचा हात लागला असेल? नाही, ती पलीकडच्या बाजूला होती. मग मला एकदम आमचीच चूक दिसली आणि मी भिंतीला टेकून वेड्यासारखी हसायला लागले. वॉर्डबॉय बिचारा ट्रॉली थांबवून विचारायला लागला, "पाणी देऊ का?"

ताईला फोन करून कॅन्टीनमध्ये बोलावलं. ती आली, तोंड फुगवूनच. बाबांनाही खाली आणलं. चहा समोर आल्यावर मी म्हणाले, "ताई, आपण काय गृहीत धरलं होतं? की आईला काही सांगितलं तर ती ते ऐकेल."

"मग?"

"आईने आयुष्यात कुणाचं सांगितलेलं ऐकलंय?"

ताई बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की चहा नाकातून आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितलं मी तिला. "अगं बाई!" नाक पुसत म्हणाली. "हात दाब म्हटलं तर ती मुद्दाम नाही दाबणार."

"सांगितलेलं ती करत नाही. चुकलेलं तिला सहन होत नाही." आणि मग मी अंगठ्याचं सांगितलं.

ताई खुर्ची सरकवून उभीच राहिली. "चल, डॉक्टरांना सांगू!"

"बस खाली. एकदा दिसलंय ते, आणि ते बघूनच मला हे सुचलं. ज्यावरून सुचलं तेच पुरावा म्हणून दाखवायचं म्हणजे, तीर मारून झाल्यावर त्याच्याभोवती गोल काढण्यासारखं आहे. आता आधी वाक्य मांडायचं आणि मग नव्याने बघायचं."

वाक्य मांडायला माझा काही वेळ लागला नाही. बाबांनी चुकीचं काही सांगितलं तर आईच्या डाव्या पायाचा अंगठा हलतो, बरोबर सांगितलं तर हलत नाही, किंवा फारच क्वचित हलतो. त्यासाठी बाबांनी काही खरी वाक्यं आणि काही खोटी वाक्यं म्हणायची, पत्त्यांसारखी पिसून, प्रत्येक वाक्यानंतर सारखाच वेळ थांबायचं.

"खोटी मी कुठून आणू?" बाबा दुखावल्यासारखे म्हणाले. "मी खरंच सांगत असतो."

"बाबा, तुमच्याकडे खोट्यांचा तुटवडा नाही. खऱ्यांची पंचाईत आहे."

आणि खरोखरच ती पंचाईत झाली. आमचं पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, यावर तिघांचं एकमत झालं. आईचा भाऊ डावखुरा, ठीक. पण कारखान्याचं फाटक बाबा हिरवं म्हणत होते, ताई निळं म्हणत होती, आणि मला ते फाटकच आठवत नव्हतं. ताईचा जन्म पहाटेचा की दुपारचा? बाबा म्हणाले पहाटेचा, कारण ते जांभया देत होते. ताई म्हणाली, तुम्ही दुपारीही जांभया देता. एका वाक्याची खात्री करायला मावशीला फोन लावला तर तिने तिसरंच सांगितलं. खरं काय ते ठामपणे सांगू शकणारं माणूस आमच्या घरात एकच होतं आणि ते वर खिडकीजवळच्या खाटेवर पडून होतं. जिथे शंका आली ते वाक्य मी काढून टाकलं. 'धाकटी आत्यावर गेली' हे बाबांनी खऱ्यांमध्ये सुचवलं होतं. मी म्हणाले, ती माहिती नाही, मत आहे, आणि खोडलं. ताईने माझ्याकडे बघितलं.

"आता शेवटचं," मी म्हणाले. "चूक असेल तर काय दिसेल? अंगठा हलणारच नाही, नाही तर खऱ्याखोट्याला सारखाच हलेल. तसं दिसलं तर आपण भांडायचं नाही. 'तिला आज बरं वाटत नव्हतं,' 'परत करून बघू,' असलं काही म्हणायचं नाही. शुक्रवारी केंद्राच्या कागदावर सही करायची."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे आईला सोडून द्यायला मी आत्ताच तयार व्हायचं?"

"हो."

"तू तयार आहेस?"

आता आली का पंचाईत! किती मुलांना मी हे विचारलंय, बिनदिक्कत, हातातला पेन हलवत. मुंग्यांची वाट चुकली तर माझं एक वर्ष वाया जातं, बस. इथे आई होती. मला नको होतं ते वाक्य, नको होती ती सही, मला फक्त आई परत हवी होती, आणि याला गृहीतक म्हणत नाहीत हे मला चांगलं ठाऊक होतं.

बाबाच मध्ये बोलले. "मी तयार आहे," ते कप खाली ठेवत म्हणाले. "आरशात बघून बस चालवली मी, म्हणून वाळूत गेलो. आता एकदा समोर बघू द्या मला."

"ब्रेक?" ताई म्हणाली.

"ब्रेक ठणठणीत होते," बाबा म्हणाले. "पण तिच्या देखत कबूल करायचं नाही. मग ती बोलेल कशाला?"

मी म्हणाले, "मीही तयार आहे." ताईने नुसती मान हलवली.

शुक्रवारी सकाळी मोठे डॉक्टर स्वतः आले आणि दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. फिजिओ पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन बसली, कानांवर गाणी, बाबांकडे पाठ. चादर बाजूला केली होती. बाबांचं वाक्य संपलं की मी तिच्यासमोर हात वर करायचा, आणि तिने अंगठा हलला की नाही एवढंच नोंदवायचं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते सपाट आवाज काढायचा प्रयत्न करत होते.

"आपलं पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं." अंगठा स्थिर. खरं वाक्य, ठीक.

"तुझा भाऊ उजव्या हाताने लिहितो." अंगठा स्थिर. हे खोटं होतं. ताईने डोळे मिटून घेतले.

"कारखान्यात तू गुंड्या लावायचं काम करायचीस."

गुंड्या! तपासनिसाला! मी हात वर केला आणि अंगठा वर आला. ठसठशीत, वर, आणि मग सावकाश खाली. मी तोंडावर काही दिसू द्यायचं नव्हतं, ते मला कितपत जमलं देव जाणे. पुढे एका खऱ्या वाक्यालाही तो हलला. मग दोन खोटी ओळीने आली आणि दोन्हींना हलला. मग बरीच खरी, शांत. बाबांचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला होता. 'आपण लग्नाला उशिरा पोचलो कारण तुला आवरायला वेळ लागला,' हे खोटं वाक्य म्हणताना त्यांना हसू आवरेना, आणि अंगठा खाली यायच्या आत पुन्हा वर गेला.

जुळवून बघायचं काम मी डॉक्टरांकडे दिलं. माझ्यावर माझा भरवसा नव्हता. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत होते. सगळी जुळली नव्हती. भावाच्या डावखुरेपणाची तिने दखलच घेतली नव्हती. पण खोट्यांपैकी बहुतेकांना अंगठा हलला होता आणि खऱ्यांपैकी त्या एकालाच.

"वाक्यं कुणी ठरवली?" त्यांनी विचारलं.

"आम्ही तिघांनी. आधी."

"आणि जुळलं नसतं तर?"

"तर सही करणार होतो," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "योगायोगाने इतकं जुळणं कठीण आहे. खाट राहील. अंगठा म्हणजे 'नाही', इथून सुरुवात करू. सोमवारपासून बोलण्याच्या उपचारांची माणसं येतील." जाता जाता आईजवळ थांबून म्हणाले, "बाई, तुमच्यासमोर आता जपून बोलायला हवं."

ताईने मला मिठी मारली आणि दोघीही रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही. फिजिओ कानांवरचं काढून "काय झालं? काय झालं?" विचारत होती, तिला बिचारीला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाबांनी आईचा डावा हात दोन्ही हातांत घेतला होता. प्रयोग संपला होता. मी चिठ्ठ्या गोळा करत होते, ताई चादर सारखी करायला पायाशी गेली होती, आणि बाबा आईला फुशारकी मारल्यासारखं सांगत होते, "बघितलंस का गं? एवढे मोठे डॉक्टर, त्यांनाही धाकटीने गप्प केलं. अगदी आत्यावर गेलीय."

"ए," ताई म्हणाली. चादर तिच्या हातातच राहिली होती.

मीही बघितलं होतं. अंगठा हलला होता.

माझं डोकं लगेच सुरू झालं. हे धरता येणार नाही. वाक्य ठरलेलं नव्हतं. पायाकडे बघणाऱ्याला ते ऐकू येत होतं. अंगठा एकदा खऱ्यालाही हलला होता, तसाच हाही असेल. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मला हे हवं होतं, फ्रॉक घालत होते तेव्हापासून हवं होतं. अशा माणसाच्या डोळ्यांवर मी माझ्या प्रयोगशाळेत काडीचाही विश्वास ठेवला नसता. हे चूक असेल तर काय दिसेल? बाबांनी परत म्हटलं तर काहीच हलणार नाही. मग मला आयुष्यभर ठाऊक असेल की तिने दुसऱ्यांदाही ते वाक्य जाऊ दिलं. न विचारता घरी गेले तर हा एक अंगठा तरी माझ्याजवळ राहील.

"बाबा," मी म्हणाले, "परत म्हणा."

"काय?"

"आत्ताचं. माझ्याबद्दलचं. सरळ वाक्य म्हणा आणि थांबा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. ते काहीतरी समजल्यासारखे सरळ होऊन बसले. "धाकटी," ते आईला म्हणाले, सावकाश, "माझ्या बहिणीवर गेली." आणि मान थोडी आत घेऊन थांबले.

काही हलेना. बाहेरून जेवणाची ट्रॉली खडखडत गेली. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकला. मी अंगठ्याकडे बघत होते. मी मनात म्हणाले, ठीक आहे, वाक्य पडलं, तू विचारलंस ना, आता ऐक. आणि मी मान वळवणार इतक्यात आईचा पाय हलला. नुसता अंगठा नाही, घोट्यापासून सगळं पाऊल झटक्याने आडवं गेलं, आणि ताईच्या हातातली चादर जमिनीवर पडली.

"म्हणजे काय?" बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही चुकलात, बाबा," ताई म्हणाली.

मला पुढचं काही दिसत नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि आईच्या पावलाला हात लावला. गार होतं, टाचेला भेगा होत्या, आणि ते माझ्या हातात होतं. बाबा तोंडाचा आ करून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, जणू आजच पहिल्यांदा आम्हा दोघींना शेजारी शेजारी बघत होते.

ताईने चादर उचलली. "अजून एकदा बघायचं का?" तिने विचारलं. "म्हणजे खात्रीसाठी. तूच म्हणतेस ना नेहमी."

"नको," मी म्हणाले. "चिडेल ती."